पॅनिकचं बटण मात्र नवंकोरं

आमच्या गावात एक बंद पडलेलं डिपार्टमेंट स्टोअर आहे. उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी त्याच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीवेडे जमतात. गाव मिशिगनमधलं, डेट्रॉइट तासाभरावर. त्यामुळे इकडे गाड्यांच्या वेडाला कुणी वेड म्हणत नाही, आपल्याकडच्या भजनी मंडळासारखं ते एक सत्कार्य समजलं जातं. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिचीच ही उन्हाळाभर चाललेली तालीम म्हणा ना. हातात कॉफीचा कागदी पेला, बॉनेट उघडं, आणि एका कार्ब्युरेटरभोवती दीड तास घोळका. मी पडलो यंत्रांच्याच धंद्यातला, त्यामुळे अधूनमधून जातो. माझी गाडी तिथे मिरवण्यासारखी नाही (पंधरा वर्षांची जपानी सेदान, रंग: होता), म्हणून ती लांब लावतो आणि चालत येतो.

गेल्या जूनमध्ये तिथे एक खेळ रंगला. एकाने खिशातून आपली चावी काढून बॉनेटवर ठेवली आणि म्हणाला, हिच्यापेक्षा झिजलेली कुणाकडे असेल तर दाखवा. चावी म्हणजे बटणांची, रिमोटवाली. इकडे तिला की फॉब म्हणतात. पाच मिनिटांत बॉनेटवर दहा-पंधरा फॉब जमा झाले. एकाचं रबर फाटून आतले स्विच उघडे पडलेले. एकाला इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळलेली. एकाचं कवचच गायब, नुसतं सर्किट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सँडविच ठेवतात तसल्या. एका महाशयांच्या फॉबवर लॉकच्या जागी भोक होतं आणि ते दाबायला त्यांनी साखळीला एक टूथपिक बांधून ठेवली होती. ती काढून त्यांनी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या थाटात गाडी उघडून दाखवली. टाळ्या!

मग विनोदांची बरसात. "गाडी दोन लाख मैल चाललीय, चावी चार लाख." "मी जुनी गाडी घेताना मीटर बघत नाही, चावी बघतो, मीटर खोटं बोलतं." (ही शेवटची गोष्ट विनोद नव्हे बरं का, उत्तम सल्ला आहे. तीस हजार मैल दाखवणाऱ्या गाडीच्या चावीवरची चित्रं पुसलेली असली तर समजून जावं.) आणि सगळ्यांत मोठा हशा कशाला, तर प्रत्येक फॉबवर एक लाल बटण होतं, दाबलं की गाडी बोंब मारायला लागते ते, पॅनिकचं. बाकीची बटणं शहीद झालेली, पॅनिकचं मात्र नवंकोरं. पंधरा वर्षांत कुणीही ते मुद्दाम दाबलेलं नव्हतं.

मीही पोट धरून हसलो. नुसता हसलो नाही, माझी गोष्ट सांगून हशाही वसूल केला. ती गोष्ट अशी.

फेब्रुवारीत माझ्या चावीचं रबर फाटलं. डीलरकडे गेलो. (कंपनी कुठली ते सोडा, सगळे एका माळेचे मणी.) म्हटलं, हे एवढं रबर द्या. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं, रबराला पार्ट नंबरच नाही. अख्खी चावी मिळेल, दोनशे चाळीस डॉलर, आणि ती गाडीला जोडून द्यायचे एकशे चाळीस. म्हणजे तीनशे ऐंशी, आपल्या हिशेबात तीस हजार रुपयांच्या वर. फाटलं होतं ते रबर साबुदाण्याच्या वड्यावरच्या पापुद्र्याएवढं.

घरी येऊन नऊ डॉलरचं रिकामं कवच मागवलं. जुनी चावी उघडली, सर्किट काढून नव्या कवचात बसवलं, पातं बसवलं, जुनं कवच कचऱ्यात टाकलं, डॉक्टरेट सार्थकी लागली. सकाळी गाडीचं दार बटणाने उघडलं. वा! चावी फिरवली. इंजिन ढिम्म. डॅशबोर्डवर चावीचं एक छोटं चित्र लुकलुकतंय.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. दार उघडणारं सर्किट वेगळं, आणि इंजिनाला "हा आपलाच माणूस" असं सांगणारी चिप वेगळी. खडीसाखरेच्या खड्याएवढी चिप, तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. ती जुन्या कवचाच्या एका कोपऱ्यात चिकटवलेली असते. आणि ते कवच सोसायटीच्या सामाईक डंपस्टरमध्ये. बाहेर उणे बारा. तो मंगळवार होता, आणि मंगळवारी आमचा कचरा उचलतात. पीएचडी झालेला एक मराठी माणूस हिवाळी बूट घालून डंपस्टरमध्ये उतरलाय, आणि बायको वर गॅलरीतून "आपली पिशवी निळ्या गाठीची आहे रे" असं मार्गदर्शन करतेय, हे दृश्य शेजारच्या चिनी आजोबांनी शांतपणे चहा पीत पाहिलं. कॉफीचा चोथा आणि कोथिंबिरीच्या काड्यांच्या मधोमध चिप सापडली.

पार्किंग लॉटमध्ये ही गोष्ट जोरात चालली. टूथपिकवाल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. घरी जाताना मी खूष होतो.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये माझ्या खोलीतला कचरा चार दिवस तसाच राहिला. आमचा मजला रात्री साफ करणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई आहेत. मी उशिरापर्यंत थांबतो, त्यामुळे रोजची ओळख. त्या पाचव्या दिवशी आल्या. मी विचारलं, बरं नव्हतं का? तर म्हणाल्या, चावी हरवली.

मला आधी कळलंच नाही. चावी हरवली म्हणून माणूस चार रात्री कामावर येत नाही?

त्यांची गाडी जुनी घेतलेली, आणि जुन्या गाड्या पुष्कळदा येतात तशी एकाच चावीसकट. ती एक चावी किराणा दुकानाच्या वाटेवर कुठेतरी पडली. दोन चावीवाल्यांना फोन केले. त्या मॉडेलचं यंत्र दोघांकडेही नव्हतं. डीलर म्हणाला, गाडी इथे आणा. चावीशिवाय कशी आणणार? टो करून. मग चावी मागवावी लागली, तिला तीन दिवस. टोचे, चावीचे आणि जोडणीचे मिळून सहाशे वीस डॉलर. त्यांचा पगार तासाला सोळा. म्हणजे कर कापायच्या आधीची जवळजवळ चाळीस तासांची, आठवडाभराची मजुरी, आणि वर बुडालेल्या चार रात्री. त्या राहतात तिथून आमच्या लॅबपर्यंत रात्रीची बस नाही. इकडे गाडी म्हणजे पाय असतात हो. आणि ते चालवायची परवानगी त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात.

त्या हे सगळं कुरकुर न करता सांगत होत्या, चूक आपलीच असल्यासारख्या. "मी पर्सची चेन लावायला हवी होती," म्हणाल्या. आणि माझ्या डोळ्यांसमोर बॉनेटवरचे ते फॉब आले. तेव्हापासून मला त्या विनोदांचा राग येतोय, माझ्या डंपस्टरच्या विनोदासकट.

आता तुम्ही म्हणाल, झिजलेली चावी आणि हरवलेली चावी यांचा काय संबंध? संबंध असा की दोन्ही ठिकाणी किंमत वस्तूची लावलेली नाही, परवानगीची लावलेली आहे.

वस्तूची किंमत बघू. फॉबच्या आत काय असतं? सीआर २०३२ नावाची बटणासारखी बॅटरी, पोस्टाच्या तिकिटाएवढं सर्किट, तीन-चार टिकटिक स्विच, एक रेडिओ चिप. अमेरिकेत ती बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर बोलते, भारतात आणि युरोपात ४३३ च्या आसपास. तसल्या साध्या स्विचच्या डेटाशीटवर एक लाख दाबण्यांचं आयुष्य सहज लिहिलेलं असतं. रोज दहा वेळा दाबलं तर पंधरा वर्षांत होतात पंचावन्न हजार. म्हणजे स्विच गाडीपेक्षा जास्त जगतो. मरतं ते वरचं रबर: नखं, घाम, हाताला लावायचं क्रीम, २०२० नंतर सॅनिटायझर. म्हणजे सगळ्यांत स्वस्त भाग सगळ्यांत आधी जातो, आणि नेमका तोच सुटा मिळत नाही. कुकरची शिट्टी बिघडली तर आपण शिट्टी आणतो, कुकर आणत नाही. इथे नुसती शिट्टी मागितली की दुकानदार म्हणतो, कुकर घ्या, आणि तो तुमच्या गॅसला जोडून द्यायचे पैसे निराळे.

आणि परवानगी? बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांच्या ज्या स्मार्ट चाव्या असतात, त्यातल्या बऱ्याच एकदा एका गाडीला जोडल्या की आतून कुलूपबंद होतात, दुसऱ्या गाडीला जोडता येत नाहीत. भंगारात गेलेल्या गाडीची ठणठणीत चावी पंचवीस डॉलरला मिळते, पण उपयोग शून्य. तिने एकपत्नीव्रत घेतलेलं असतं. फोर्डच्या अमेरिकेतल्या अनेक मॉडेलांत मालकाला घरबसल्या तिसरी चावी जोडता येते, हे मी कौतुकाने सांगतो. अट एकच: आधीच्या दोन चालू चाव्या हातात हव्यात. ज्याच्याकडे दोन आहेत त्याला तिसरी फुकटात. जिच्याकडे एक होती आणि हरवली, तिने टो ट्रक बोलवावा.

हे बोललं की समोरून एकच उत्तर येतं, आणि ते उत्तर पोकळ नाही, म्हणून नीट घेऊ. उत्तर आहे: सुरक्षा. चावी इतकी सहज बनवता आली तर चोरही बनवतील.

चिपवाल्या चावीने चोऱ्या कमी झाल्या, यात वाद नाही. इंजिन अडवणारी ही इलेक्ट्रॉनिक कडी, इमोबिलायझर, युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली, कॅनडात २००७ पासून. नेदरलँड्समधल्या दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा तिथल्या गाडीचोऱ्या या एका गोष्टीमुळे सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. उलटा प्रयोग अमेरिकेत झाला. इथे सक्ती नाही. २०१५ च्या मॉडेलांत बाकी कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना ही कडी मूळचीच होती, ह्युंदाई आणि कियाच्या फक्त २६ टक्क्यांना. २०२१-२२ मध्ये पोरांनी यूएसबीच्या वायरीचं टोक घालून या गाड्या चालू करायचे व्हिडिओ टाकले आणि गावोगाव चोऱ्यांची साथ आली. तेव्हा मला चिप नको आहे असा अर्थ कुणी काढू नये. चिप हवीच आहे. माझं भांडण चिपशी नाही, तिचा मुनीम कोण याच्याशी आहे.

कारण "गुपित आमच्याकडे ठेवलं म्हणून तुम्ही सुरक्षित" या दाव्याचा इतिहास फार केविलवाणा आहे. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या लोकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप फोडून दाखवली. लाखो गाड्यांच्या चाव्यांत ती होती, आणि तिची गुप्त किल्ली फक्त ४० बिटांची. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी कीलॉक नावाची पद्धत फोडली. त्यात गंमत अशी की एका उत्पादकाच्या सगळ्या रिमोटांच्या किल्ल्या त्या उत्पादकाच्या एका मूळ किल्लीतून निघत. ती एक हाती लागली की सगळं गाव मोकळं. २०१३ मध्ये बर्मिंगहॅम आणि नायमेखनच्या संशोधकांनी मेगामॉस नावाच्या चिपमधली खोट शोधली, तर फोक्सवॅगनने लंडनच्या हायकोर्टातून निबंध छापायलाच मनाई आणली. तो छापून आला २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून. दोन वर्षं गुपित राखलं कुणापासून? खोट चिपमध्ये होती, निबंधात नव्हती. आणि कळस म्हणजे २०१८. लूव्हेनच्या विद्यापीठाने टेस्ला मॉडेल एसची चावी काही सेकंदांत नकलून दाखवली. आत काय होतं? तेच ४० बिटांचं प्रकरण, २००५ साली जगजाहीर फुटलेलं. (टेस्लाने नंतर नवी चावी आणली, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.)

आणि खऱ्या चोरांना एवढंही करावं लागत नाही. तुमची स्मार्ट चावी घरात खुंटीवर टांगलेली असते. एक जण घराच्या दाराशी अँटेना घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. दोघांच्या मधून चावीचा आणि गाडीचा संवाद लांबवला की गाडीला वाटतं मालक शेजारीच उभाय. झुरिकच्या ईटीएचमधल्या तिघांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. इथे कुठलंही गुपित फोडावं लागत नाही, कुठलीही चावी बनवावी लागत नाही.

आमच्या क्षेत्रात एक जुनं तत्त्व आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली मांडलेलं: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशी असावी, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. गाडीवाल्यांनी ते बरोब्बर उलटं केलं. यंत्रणा झाकून ठेवली आणि किल्ली, म्हणजे ज्या वस्तूचा धनी मालक असायला हवा ती, स्वतःकडे ठेवली. चोर आत, मालक बाहेर.

मालकाला धनी करता येतं, हे काही माझं स्वप्न नाही. १९९० च्या दशकात फियाटच्या अनेक गाड्यांबरोबर एक लाल चावी आणि एक कोड कार्ड मिळत असे. लाल चावीने नव्या चाव्या जोडायच्या, ती कपाटात ठेवायची, रोज वापरायची नाही. तोटा होता: लाल चावी हरवली तर भुर्दंड मोठा पडे. पण ती तुमच्या कपाटातून हरवत असे, कुणाच्या सर्व्हरवरून नाही. आज त्यापेक्षा शंभर पटींनी चांगली सोय करता येईल. गाडीचे कागद आणि ओळखपत्र दाखवा, कोड घ्या, तो कुठल्याही चावीवाल्याला द्या. चोराकडे कागद नसतात. एवढं साधं. पण मग त्या एकशे चाळीस डॉलरांचं काय करायचं!

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९९८ च्या डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप फोडणं गुन्हा ठरवलं. तो कायदा आणला सिनेमे आणि गाणी वाचवायला, लागला ट्रॅक्टरला. २०१५ मध्ये जॉन डिअरने अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरीला लेखी कळवलं की शेतकऱ्याला आतल्या सॉफ्टवेअरचा वाहनाच्या आयुष्यापुरता वापरण्याचा गर्भित परवाना मिळतो. ट्रॅक्टर तुमचा, अक्कल आमची. त्याच वर्षी दुरुस्तीपुरती सूट मिळाली, पण ती कुलूप स्वतः उघडायची, उघडायची हत्यारं विकायची नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने ८६ टक्के मतं दिली, कायदा झाला. त्यातही इमोबिलायझरची माहिती खुली नाही, नोंदणी केलेल्या धंदेवाइकांनाच ठरलेल्या मार्गाने मिळते. आंधळा कारभार नाही, हे मान्य. पण नोंदणी चावीवाल्याची होते, मालकाची नाही.

मग एवढं सगळं ठाऊक असणारे कोण? तेच, पार्किंग लॉटमधले. या विषयात या देशात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. कुठल्या चावीत चिप कुठे चिकटवलेली असते ते त्यांना पाठ. घरी सोल्डरिंगचं सामान, गॅरेजमध्ये दुसरी गाडी, फडताळात तिसरी. म्हणूनच त्यांना झिजलेली चावी हे निष्ठेचं पदक वाटतं. बघा, माझी आणि गाडीची किती वर्षांची संगत! जुन्या चामड्याच्या पाकिटाला येते तशी तुकतुकी. अहो, चामडं झिजून सुंदर होतं, पाकिटाच्या मालकाला नवं पाकीट शिवायला बंदी असते म्हणून नव्हे.

मी हे एका शनिवारी टूथपिकवाल्यांना बोलून दाखवलं. ते निवृत्त टूल अँड डाय मेकर, चाळीस वर्षं साचे बनवलेला माणूस, हातात कसब असं की मी त्यांच्यासमोर लुडबुड करणारं पोर. ते म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतोस. टेप लाव, चालतंय की." मी बाईंची गोष्ट सांगितली. ते गप्प झाले, मग म्हणाले, "मला सांगायचं ना, मी पन्नास डॉलरमध्ये करून दिली असती." आणि खरंच दिली असती, त्या माणसाची नियत सोन्याची आहे. पण हेच तर माझं म्हणणं आहे. त्या बाईंना टूथपिकवाले माहीत नव्हते. ज्यांना कळतं ते आपापली सुटका करून घेतात आणि हसतात. ज्यांना कळत नाही ते पैसे भरतात आणि पर्सच्या चेनला दोष देतात. हसणाऱ्यांनी एकदा हसण्याऐवजी रबराचा पार्ट नंबर मागायचा हट्ट धरला असता, तर? विसाच्या विसांनी, एकाच शनिवारी, एकाच डीलरच्या काउंटरवर?

नाशिकला आमच्याकडे चेतक होती तेव्हाची गोष्ट आठवते. तिची चावी मी शाळेच्या मैदानात हरवली. बाबा मला घेऊन मेन रोडला छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याकडे गेले. तो स्कूटरपाशी आला, कोऱ्या चावीला मेणबत्तीची काजळी धरली, कुलपात घालून हलवली, बाहेर काढून काजळी कुठे पुसली ते बघितलं, तेवढंच कानशीने घासलं, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. दहा-पंधरा मिनिटांत चावी तयार. त्याच्या विद्येने चोरीही करता आली असती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. सुरुवात करण्याआधी त्याने बाबांना एवढंच विचारलं होतं, "गाडीचं पुस्तक आहे ना साहेब?" बाबांनी आरसी दाखवली. झाली सुरक्षा.

हे सगळं तिकडच्या तुम्हा मंडळींना सांगायचं कारण, आता तिकडेही बटणवाल्या गाड्या गल्लोगल्ली आहेत, आणि छत्रीखालच्या माणसाकडे त्यांच्यासाठी काजळी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत. त्यावर आपल्या गाडीची कंपनी शोधा आणि चावीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि नवी गाडी घेणार असाल तर मायलेज, सनरूफ विचारून झालं की एक प्रश्न विचारा: तिसरी चावी केवढ्याला, कोण जोडून देणार, आणि दोन्ही हरवल्या तर काय? उत्तर कागदावर मागा. पैसे द्यायच्या आधी मागा. नंतर त्याला काही अर्थ नाही.

बाबांनी गेल्या दिवाळीत तसली गाडी घेतली. रबर झिजू नये म्हणून चावीला टीव्हीच्या रिमोटसारखं प्लॅस्टिक घातलंय, वर रबरबँड. दुसरी चावी बँकेच्या लॉकरमध्ये, आईच्या पाटल्यांशेजारी. मी फोनवर म्हटलं, बाबा, शोरूममध्ये तिसऱ्या चावीची किंमत विचारून ठेवा. त्यांना ते पटलं, कारण फुकट माहिती मिळवायला त्यांना आवडतं. दोन दिवसांनी फोन आला.

"विचारलं रे. पोरगा चांगला होता, चहा पाजला."

"मग, किती म्हणाला?"

"म्हणाला, काका, हरवली की या, तेव्हा बघू."

"म्हणजे सांगितलीच नाही."

"नाही. मी वरून आणखी एक पिशवी घातलीय."